शिकाऊ प्रतिकृती विमान, रेडिओ-नियंत्रित : एंजिनाची निवड

जमिनीवरून रेडिओ तरंगांच्या साहाय्याने नियंत्रित होणाऱ्या व विमानचालनाचे पहिले धडे गिरविण्यासाठी बनविलेल्या लहान विमानास शिकाऊ प्रतिकृती विमान म्हणतात. त्याचे पंख धडाच्या माथ्यावर बसविलेले, जाड छेदाचे व टोकांकडे किंचित वर कललेले असतात. त्यामुळे चालकाने हात सैल सोडला, तरी ते पुष्कळसे आपोआप सरळ होते. महाराष्ट्रात अनेकांना या छंदाची पहिली ओळख राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत होते. तेथे तारेने नियंत्रित व रेडिओ-नियंत्रित अशा दोन्ही प्रकारची प्रतिकृती विमाने उडविली जातात.

दट्ट्याने एका धावेत व्यापलेल्या घनफळास एंजिनाचे आकारमान म्हणतात. व्यापारात ते घन इंचाच्या शंभराव्या भागांत सांगण्याची रूढी आहे. ‘चाळीस’चे एंजिन म्हणजे ०·४० घन इंच, अर्थात सु. ६·५ घ. सेंमी. आकारमानाचे एंजिन. सु. १·६ मी. पंखविस्तार, ०·४५ चौ. मी. पंखक्षेत्र व २·५ किग्रॅ. वजन असलेल्या नेहमीच्या शिकाऊ विमानास ६·५ ते ७·५ घ. सेंमी. चे द्विधाव एंजिन योग्य ठरते. चतुर्धाव एंजिनाचे आकारमान याच कामासाठी सु. दीडपट, म्हणजे ९ ते ११ घ. सेंमी. घ्यावे लागते. हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांमागील कारण समजून घेणे अधिक उपयोगाचे, कारण मैदान व हवा बदलली की आकडेही थोडे सरकतात.

२५ सेंमी. व्यासाचा व १५ सेंमी. अंतरालाचा (एका फेऱ्यात पुढे सरकण्याच्या सैद्धांतिक अंतराचा) प्रचालक अशा एंजिनावर मिनिटास सु. ११,५०० फेरे करतो व विमान स्थिर असताना सु. २ किग्रॅ. वजनाइतका रेटा देतो. विमान सरळ उडत असताना मात्र त्यावरील हवेचा रोध ३५० ते ४०० ग्रॅम वजनाहून फारसा जास्त नसतो. उरलेला रेटा उड्डाणासाठी धावताना, वर चढताना आणि शिकाऊ चालकाची चूक सावरताना कामी येतो. याच विमानास ४ घ. सेंमी. चे एंजिन लावले, तर रेटा जेमतेम १·३ किग्रॅ. च्या आसपास राहतो. डांबरी धावपट्टीवरून असे विमान उडेल. गवतातून ते बहुधा उठणारच नाही.

उलट चूक अधिक वेळा होते. ‘मोठे एंजिन घ्यावे व ते हळू चालवावे’ असा सल्ला नवशिक्यास हमखास मिळतो. तो दिसतो तितका निरुपद्रवी नाही. १० घ. सेंमी. चे एंजिन बसविल्यास नाकाकडील वजन सु. २०० ते २५० ग्रॅमने वाढते. गुरुत्वमध्य जागेवर आणण्यासाठी शेपटीत शिसे घालावे लागते आणि २·५ किग्रॅ. चे विमान सहज २·८ किग्रॅ. चे होते. ज्या वेगाखाली पंख विमानाचा भार पेलू शकत नाहीत, तो वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. येथे तो ताशी सु. ३२ किमी. वरून ३४ किमी. वर जातो. वाढ किरकोळ वाटते, परंतु उतरताना जमिनीवर आदळणारी ऊर्जा वजन व वेगाचा वर्ग या दोहोंमुळे वाढून पूर्वीच्या सव्वापट होते, आणि नवशिक्याचे विमान उतरतानाच मोडते. शिवाय मोठ्या एंजिनाचा मंदगतीतील रेटाही अधिक असल्याने विमान लवकर खाली बसत नाही. ताशी ९० किमी. वेगाने जाणाऱ्या २·५ किग्रॅ. विमानाची गतिज ऊर्जा तेवढेच वजन सु. ३२ मी. उंचीवरून टाकल्यावर येणाऱ्या ऊर्जेइतकी असते, हेही ध्यानात ठेवावे. हे खेळणे नव्हे.

हवा व मैदान : पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर आहे. तेथील हवा समुद्रकाठच्यापेक्षा सु. ५ टक्के विरळ असते, पाचगणीच्या सु. १,३०० मी. उंचीवर ही घट सु. १२ टक्के होते. विरळ हवेत एंजिनाची शक्ती घटते व प्रचालकावरील भारही हलका होतो. त्यामुळे फेरे जवळजवळ तेवढेच राहतात, परंतु रेटा कमी मिळतो. फेऱ्यांच्या आवाजावरून अंदाज बांधणारा चालक येथे फसतो. पेण हे खाडीलगतचे गाव समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर असल्याने तेथे ही अडचण येऊ नये असे वाटते. तथापि १५° से. ऐवजी ३५° से. तापमान असले, तर केवळ उष्णतेमुळे हवा सु. ६·५ टक्के विरळ होते. म्हणजे पेणमधील एप्रिलची दुपार पुण्यातील थंड सकाळीपेक्षा एंजिनास अधिक जड जाते. दमट हवेतील बाष्प ऑक्सिजनची आणखी २ ते ३ टक्के जागा घेते.

पेण व रोहे भागात भातकापणीनंतर शेते मोकळी होतात, पण त्यांत बांध, धसकटे व भेगा असतात. अशा जमिनीवर चाकांना होणारा विरोध हाच निवडीचा मुख्य मुद्दा ठरतो. ६·५ ऐवजी ७·५ घ. सेंमी. चे एंजिन, मोठ्या व्यासाची चाके आणि २८ सेंमी. व्यासाचा पण १२·५ सेंमी. अंतरालाचा प्रचालक, असा बदल येथे पुरतो. या दोन आकारमानांच्या एंजिनांचे बाह्य माप व वजन पुष्कळदा सारखेच असते, म्हणून वर सांगितलेला तोटा होत नाही. व्यास वाढवून अंतराल कमी केल्याने धावताना रेटा वाढतो व कमाल वेग घटतो. शिकाऊ विमानास दोन्ही गोष्टी इष्टच आहेत. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, त्यामुळे एक किग्रॅ. च्या आतील लहान विमानाने शिकण्याचा बेत असेल, तर सकाळची वेळ गाठावी.

विद्युत् चलित्र : अलीकडे पुष्कळ शिकाऊ विमानांवर ब्रशरहित विद्युत् चलित्र व लिथियम-पॉलिमर घटमाला वापरतात. येथे आकारमानाचा प्रश्न उरत नाही, दर किग्रॅ. वजनास सु. २२० वॉट हा हिशेब पुरतो. २·५ किग्रॅ. विमानास त्यानुसार ५५० ते ६०० वॉट शक्ती लागते.

वजनास कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमहून अधिक व २ किग्रॅ. पर्यंतचे विमान एका वर्गात, तर त्यापुढील २५ किग्रॅ. पर्यंतचे दुसऱ्या वर्गात मोडते. ‘चाळीस’च्या एंजिनाचे विमान या दुसऱ्या वर्गात येते. दृष्टीच्या टप्प्यात, शिक्षण वा करमणुकीसाठी उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृती विमानास प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे, परंतु निषिद्ध क्षेत्रांतून नाही. रायगड जिल्ह्यातच उलवे येथील नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले असल्याने या भागात उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशा पाहणे आवश्यक आहे.

निगा : या एंजिनांचे इंधन मिथेनॉल, ५ ते १५ टक्के नायट्रोमिथेन व सु. २० टक्के वंगण तेल (यात थोडे एरंडेल असावे) यांचे मिश्रण असते. मिथेनॉल विषारी आहे. तसेच ते हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून कोकणात डबा घट्ट बंद ठेवावा व लागेल तेवढेच इंधन बाहेर काढावे. दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करून एंजिन आतील इंधन संपेपर्यंत चालवावे व कार्ब्युरेटरमधून पातळ तेलाचे काही थेंब सोडून प्रचालक हाताने फिरवावा. असे न केल्यास एका पावसाळ्यात गोळी-धारव्यांना गंज चढतो. साध्या धारव्याच्या एंजिनाची शक्ती थोडी कमी असते, पण गंजाचा हा धोका त्यास नसल्याने किनारपट्टीवरील नवशिक्याने त्याचा विचार अवश्य करावा.