बिंदुसरेकाठचे बीड

बालाघाटाच्या डोंगररांगांतून उतरणाऱ्या बिंदुसरा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले हे शहर आज सरहद्दीपासून दूर असले, तरी सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत ते हैदराबादच्या निजामाच्या अमलात होते, आणि शेजारच्या, पण संस्थानाबाहेरच्या अहमदनगर जिल्ह्यात जावयाचे तर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून निजामाच्या हाली सिक्क्याऐवजी ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया मोजावा लागे. गंमत अशी की, अहमदनगरच्याच मूर्तजा निजामशाहाच्या कारकीर्दीत, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने येथे खजाना बावडी बांधविली. भुयारी कालव्यांनी शेतांना पाणी पोहोचविणारी ही विहीर आमच्या मते, जलकुंडात उभ्या असलेल्या रेखीव कंकालेश्वर मंदिराच्या बरोबरीने, शहराचे खरे वैभव होय. एरवी क्षीण दिसणाऱ्या बिंदुसरेस जुलै १९८९ मध्ये आलेल्या महापुराने मात्र अनेकांचे बळी घेतले.