शुल्कमाफी आणि प्रवेशसंख्या : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

‘शुल्क’ हा शब्द संस्कृतात जकात या अर्थी येतो, तसाच वधूमूल्य या अर्थीही येतो. कन्येच्या पित्याने असे शुल्क घेऊ नये, असे मनुस्मृतीचे सांगणे आहे. मुलींच्या शिक्षणशुल्काचा विचार करू लागताच हा जुना अर्थ भाषाभ्यासकाच्या मनात डोकावतो. पण हे विषयांतर झाले.

८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. त्यापूर्वी माफी निम्मी होती. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. अशा निर्णयानंतर प्रवेशसंख्या वाढली, तर त्या वाढीचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अमेरिकेतील टेनेसी राज्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतील शिक्षण विनाशुल्क करणारा कायदा २०१४ साली झाला. २०१५ मध्ये त्या कॉलेजांतील पूर्णवेळ नवप्रवेश सुमारे एक चतुर्थांशाने वाढले. त्याच वर्षी राज्याच्या काही चार वर्षांच्या विद्यापीठांतील नवप्रवेश घटले. म्हणजे वाढीतील काही विद्यार्थी नवे नव्हते, केवळ वाट बदललेले होते. शिवाय इतर साहाय्य वजा जाता उरेल तेवढेच शुल्क राज्य भरत असल्याने, ज्या निर्धनांस संघशासनाची मदत आधीच मिळत होती, त्यांच्या पदरी नवे द्रव्य फारसे पडले नाही. तरीही ‘मोफत’ या निःसंदिग्ध शब्दाचा प्रवेशावर स्वतंत्र परिणाम होत असावा, असे आमचे मत आहे. ‘सवलत’ आणि ‘प्रतिपूर्ती’ हे शब्द तसे नाहीत. प्रतिपूर्तीत आधी भरणे गृहीत असते. आणि ज्या घरी कापूस विकल्यावाचून पैसा येत नाही, तेथे ‘आधी’ हाच शब्द अडतो.

आता जालन्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील स्त्रीसाक्षरता सुमारे ६१ टक्के होती, राज्याची सुमारे ७६. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार येथील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. बारावीपूर्वीच जिचे शिक्षण सुटले, तिच्यापर्यंत ही माफी पोहोचतच नाही. मंठा वा घनसावंगी तालुक्यातील जी मुलगी बारावी होते, तिच्यापुढे वसतिगृह, भोजन आणि प्रवास हे खर्च उभे राहतात. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस एसटीचे निम्मेच भाडे पडते, हे खरे. परंतु रोजच्या येण्याजाण्यात जाणारा वेळ त्याने वाचत नाही. मुलीला परगावी एकटी ठेवण्याची घरच्यांची धास्तीही शुल्काच्या हिशोबात बसत नाही.

म्हणून केवळ एकूण आकडा पाहून चालणार नाही. एरवीही येणाऱ्या, कला-वाणिज्य सोडून इकडे वळलेल्या आणि माफीवाचून घरीच राहिल्या असत्या अशा मुली वेगळ्या मोजल्या पाहिजेत. प्रवेशअर्जात प्रवर्ग आणि उत्पन्न विचारले जाते. ‘शुल्क भरावे लागले असते तर काय केले असते?’ हा प्रश्न विभागातील संशोधकांनी मुलींस प्रत्यक्ष भेटून, तालुकावार विचारावा. आणि तो प्रथम वर्ष संपण्यापूर्वी विचारावा, कारण मध्येच सोडून गेलेल्या मुली पुढे उत्तर द्यावयास सापडत नाहीत.