परदेशचा पत्ता आणि डोंगरातले सामान

सुमारे १९३५ सालची गोष्ट. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी लॉइड अँडरसन नावाच्या गिर्यारोहकाला एक बर्फकुऱ्हाड हवी होती. गावच्या दुकानदाराने तिची किंमत सांगितली वीस डॉलर. अँडरसनच्या हाती एका ऑस्ट्रियन दुकानाची मालयादी आली, तीत तशीच कुऱ्हाड टपालखर्चासह साडेतीन डॉलरला होती. त्याची पत्नी मेरी जर्मन जाणत होती. तिच्या मदतीने मागणी गेली आणि कुऱ्हाड घरी आली. मग मित्रांनीही मागण्या दिल्या. अखेर १९३८ साली तेवीस गिर्यारोहकांनी मिळून एक सहकारी संस्था काढली. ‘आरईआय’ या नावाने ती आज अमेरिकेतील एक मोठी ग्राहक सहकारी संस्था म्हणून ओळखली जाते.

ही गोष्ट आरंभी सांगण्याचे कारण असे की, डोंगरातले सामान परदेशातून मागवणे ही काही आजची टूम नव्हे. फरक पडला आहे तो एवढाच की, त्या ऑस्ट्रियन दुकानदाराने पार्सल थेट समुद्रापार पाठवले. आजचे पुष्कळ दुकानदार तसे पाठवीत नाहीत. सह्याद्रीत भटकणाऱ्या आमच्या तरुणांना अमेरिकेतला एखादा हलका तंबू किंवा जपानातला एखादा पावसाळी कोट संगणकाच्या पडद्यावर दिसतो, आवडतो, परवडेलसाही वाटतो. पण पत्त्याच्या रकान्यात ‘भारत’ हा शब्दच सापडत नाही.

असे का व्हावे? कोणी म्हणेल, हा दुकानदाराचा आडमुठेपणा आहे. पण कारणे निराळी आहेत. उत्पादक एकेका देशात विक्रीचा हक्क एकेका वितरकाला देतो; त्या हद्दीत दुसऱ्याने माल पाठवू नये असा करार असतो. शिवाय काही माल मुळात घरच्या गिऱ्हाइकासाठीच बेतलेला असतो. १९७५ साली ओसाका येथे इसामू तात्सुनो या गिर्यारोहकाने स्थापलेली ‘माँतबेल’ ही कंपनी पाहा. जपानातील पावसाळी डोंगरांसाठी ती हलके पावसाळी कपडे आणि छत्र्या करते. पण तिच्या घरच्या यादीतील प्रत्येक वस्तू परदेशी दुकानांत असतेच असे नाही. आणि पावसातच डोंगर चढण्याची हौस असलेल्या मराठी माणसाची नजर नेमकी अशाच वस्तूवर जाते!

या अडचणीतून एक नवा धंदा निघाला आहे. आपल्या बाजारपेठांतून अडत्या जे काम करतो त्याच जातीचे हे काम आहे. परदेशातील एक कंपनी आपल्याला तिच्या गोदामाचा पत्ता आणि एक खातेक्रमांक देते. आपण दुकानाला तो पत्ता कळवतो. दुकानाच्या दृष्टीने माल देशातल्या देशातच जातो. गोदामात तो उतरला की अडत्या आपल्याला वर्दी देतो, तीन-चार दुकानांची पार्सले हवी तर एका खोक्यात बांधतो, आणि विमानाने आपल्याकडे रवाना करतो. अमेरिकेत ऑरेगन, डेलावेअर अशा काही राज्यांत विक्रीकर नाही. म्हणून तिथल्या गोदामाचा पत्ता पुष्कळांना सोयीचा वाटतो. जपानात मात्र २०१९ पासून दहा टक्के उपभोग कर आहे, आणि देशातल्या पत्त्यावर घेतलेल्या मालावर तो सामान्यतः द्यावाच लागतो. काही दुकाने अशा गोदामांचे पत्ते ओळखून मागणी रद्दही करतात, हे आधीच जाणून असावे.

इथवर सारे सोपे वाटते. हिशेब चुकतो तो पुढे, आणि पहिली चूक वजनाची. विमानाची वाहतूक वजनाला पैसे घेते तशीच जागेलाही घेते. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५,००० ने भागायचे. येणारा आकडा हे ‘आकारमानी वजन’. खरे वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर आकार. समजा, दोन किलोची स्लीपिंग बॅग ५० × ४० × ४० च्या खोक्यात फुगलेलीच ठेवली. गुणाकार ८०,०००, म्हणजे सोळा किलोचे पैसे! तीच दाबून ४० × २५ × २० च्या खोक्यात बसवली तर चार किलोचे. पिसांची आणि कापसासारखी हलकी वस्तू घेणाऱ्याने खोके लहान करण्यास सांगणे हीच त्याची मोठी बचत होय.

दुसरी चूक सीमाशुल्काची. आपल्याकडे शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही. तीत वाहतूक आणि विमा यांची नियमाने ठरणारी रक्कम मिळवतात, त्यावर मूळ शुल्क लावतात, आणि त्या साऱ्या बेरजेवर पुन्हा वस्तू व सेवा कर. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागणी करण्यापूर्वी त्या दिवसाचा दर पाहावा. ‘भेट म्हणून लिहा, म्हणजे सुटेल’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांना सांगावे की, टपालाने वा कुरिअरने येणारा माल भेट म्हणून शुल्कमाफीने आणण्यास डिसेंबर २०१९ मध्ये मनाई झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढाच अपवाद ठेवला गेला. आणि किंमत खोटी लिहिली तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे माल जप्त होऊ शकतो, वर दंड निराळा. कागद अडत्याने भरले तरी आयात करणारे आपणच असतो, हे विसरता कामा नये.

तिसरी गोष्ट मना असलेल्या मालाची. शेगडीच्या गॅसची डबी साध्या पार्सलातून विमानात चढत नाही. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. याहून गंभीर म्हणजे, परदेशात गिर्यारोहक संकटकाळासाठी जवळ बाळगतात ती उपग्रहाशी बोलणारी यंत्रे. आपल्या देशात सरकारच्या दूरसंचार खात्याच्या परवानगीवाचून ती बाळगणे गुन्हा ठरतो. अशा यंत्रांपायी परदेशी प्रवासी आपल्या विमानतळांवर अडकलेले आहेत. ज्या वस्तूने जीव वाचावा तिच्यासाठी पोलिसचौकी पाहावी लागणे हे दुर्दैवच. पण कायदा ठाऊक नव्हता ही सबब तिथे चालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बूट सैल झाले तर पैसे जातील. दोर किंवा कॅराबिनर सदोष निघाला तर माणूस जाईल. नामांकित कंपनीच्या मालातही दोष राहतो. २०१६ साली ‘ब्लॅक डायमंड’ या अमेरिकन कंपनीने आपली काही कॅराबिनर व इतर चढाईची साधने स्वतः होऊन परत मागवली होती. अशी सूचना दुकान कोणाला कळवते? ज्याचा पत्ता त्याच्या वहीत आहे त्याला. आणि आपण वहीत लिहून ठेवलेला पत्ता असतो एका परक्या गोदामाचा! नकली मालाचे भय आणखी निराळे. २०११ साली ‘पेट्झल’ या फ्रेंच कंपनीला आपल्या चढाईच्या साधनांच्या हुबेहूब नकला बाजारात आल्याचा जाहीर इशारा द्यावा लागला होता. स्वस्त किमतीला भुलून अनोळखी विक्रेत्याकडून घेतलेला माल गोदामातला माणूस केवळ मोजतो, पारखत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की, अडत्याकडून पत्ता विकत मिळतो, जबाबदारी मात्र विकता येत नाही. खोके त्या गोदामातून निघाले की परत करण्याचा हक्क, हमी आणि दुरुस्ती हे सारे बहुतेक मागेच राहते. तेव्हा सामानाचे दोन ढीग करावेत. सॅक, तंबू, कोट, भांडी, छत्री हा पहिला ढीग. इथे चूक झाली तर भिजावे लागेल किंवा पैसे जातील, त्यासाठी परदेशचा पत्ता खुशाल वापरावा. दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर हा दुसरा. तो डोळ्यांदेखत पाहून, प्रमाणचिन्ह तपासून, ज्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढता येईल अशाच विक्रेत्याकडून घ्यावा. पहिल्या ढिगाचाही हिशेब दुकानातील किमतीवर न करता घराच्या उंबऱ्यावर पडणाऱ्या किमतीवर करावा. माल, अडत, वाहतूक, विमा, शुल्क अशी बेरीज आधी कागदावर मांडली की निम्म्या मागण्या आपोआप गळून पडतात, आणि उरतात त्या खरोखर गरजेच्या असतात.

शेवटी पुन्हा सिअ‍ॅटलकडे वळू. अँडरसनला एक कुऱ्हाड स्वस्त मिळाली, यात विशेष काही नाही. ती एकट्यापुरती ठेवून तो स्वस्थ बसला असता तर आज त्याचे नावही कोणी घेतले नसते. पण त्याने वाट मित्रांना दाखवली, आणि त्या मित्रांनी मिळून एक संस्था उभी केली, जिचा सभासद आणि मालक एकच होता. सहकाराचे धडे महाराष्ट्राने साखरेच्या कारखान्यांत आणि दुधाच्या संघांत गिरवले आहेत. आमच्या गावोगावच्या गिर्यारोहण मंडळांनी सामानाच्या बाबतीतही तोच धडा गिरवावा. दहा जणांची गरज एकत्र करावी, जाणत्याकडून पारख करून घ्यावी, शुल्क उजळ माथ्याने भरावे, आणि कोणती वस्तू कोणाकडे गेली याची वही ठेवावी. म्हणजे उद्या उत्पादकाने एखादी वस्तू परत मागवली, तर ती बातमी दोराला लटकलेल्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचेल.