नऊ स्वरांची मर्यादा

‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ या १९६१ सालच्या अमेरिकन चित्रपटातील ‘मून रिव्हर’ हे गीत पेटीवर काढावयास बसले, आणि पांढरी एक हा षड्ज धरला, की काळ्या पट्टीस हात लावण्याचा प्रसंग अखेरपर्यंत येत नाही. सारे स्वर शुद्ध. आरंभीचा पंचम तीन मात्रांचे अख्खे आवर्तन व्यापून राहतो, तेथून चाल एकदम तार ऋषभावर झेप घेते आणि लगोलग तार षड्जावर विसावते. त्या ऋषभाच्या वर ती पुढे कधी जात नाही, मध्य षड्जाच्या खाली उतरत नाही. नऊ स्वरांचा एवढाच तिचा मुलूख, आणि त्याची वरची शीव ती दुसऱ्याच स्वराला दाखवून मोकळी होते!

ही मर्यादा चित्रपटाच्या नायिका ऑड्री हेपबर्न यांच्या आवाजाने घालून दिली होती. त्या तालमीत तयार झालेल्या गायिका नव्हत्या. ‘फनी फेस’ या चित्रपटातील त्यांचे गाणे ऐकून त्यांचा गळा कोठवर पोहोचतो याचा अदमास संगीतकार हेन्री मॅन्सिनी यांनी बांधला. वास्तविक निर्मात्यांच्या मनात गीतापुरता निराळाच संगीतकार होता. मॅन्सिनींनी आग्रहाने संधी मागून घेतली. पुढे महिनाभर काही सुचेना, आणि सुचले तेव्हा अर्ध्या तासात चाल पुरी झाली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. त्या अर्ध्या तासाचे कौतुक सर्वत्र होते. मला मात्र त्या महिन्याविषयी अधिक आदर वाटतो, कारण दुसऱ्याच्या गळ्याला सोसेल एवढेच मागावयाचे, हा संयम काही घटकाभरात अंगी येत नाही. शब्द जॉनी मर्सर यांचे; जॉर्जियातील सव्हाना परिसरात, नद्या-खाड्यांच्या सान्निध्यात गेलेले त्यांचे बालपण त्यांत उतरले आहे.

पडद्यावर ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली नायिका खिडकीत बसून गिटारवर हे गाते, आणि वरच्या मजल्यावरचा लेखक टंकयंत्र सोडून खाली वाकून पाहतो. पहिल्याच ऋषभाशी तिचा आवाज किंचित विरळ होतो; त्या विरळपणातच तिचे एकाकीपण कानी येते.

पूर्वप्रदर्शनानंतर हे गाणे काढून टाकण्याचा हुकूम स्टुडिओच्या वरिष्ठाकडून सुटला होता, अशी मॅन्सिनींची साक्ष आहे. गाणे राहिले. एप्रिल १९६२ मध्ये त्यास ऑस्कर मिळाले, पुढे ग्रॅमीही मिळाले. त्या ऑस्कर समारंभात ते गाणारे अँडी विल्यम्स पुढे आयुष्यभर याच गाण्याने ओळखले गेले. परंतु चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत हेपबर्न यांचे गायनच नव्हते. ते तबकडीवर आले १९९३ साली, त्यांच्या निधनानंतर. हा त्या चालीवरचा अन्याय होता, असे मी मानतो. विल्यम्स यांच्या भरदार कंठाला तो ऋषभ सहज सापडतो, त्यापुढेही पुष्कळ वाव शिल्लक राहतो. आणि ज्या गळ्याला तेथे पोहोचताना आपले सर्वस्व पणास लावावे लागे, त्याच्याचसाठी तो स्वर तेथे ठेवलेला होता.