पाय पाहून अंथरूण

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपल्या मध्यमवर्गीय माणसाच्या रक्तातच भिनलेली आहे. महिन्याच्या पंचवीस तारखेला ती विशेष आठवते. मी मराठीचा अध्यापक असल्याने वर्गातही ती अनेकदा सांगितली आहे. परंतु घरात कुत्रा पाळणाऱ्याला ती उलटी करूनच वाचावी लागते. कुत्रा काही अंथरूण पाहून पाय पसरीत नाही. तो आपल्या मर्जीप्रमाणे पाय पसरतो, आणि त्या पायांच्या बेताचे अंथरूण शोधणे हे घरातल्या मंडळींचे काम होऊन बसते.

आमचा मोती जातिवंत वगैरे नाही. शुद्ध गावठी, तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. आज त्याचे वय अकरा वर्षांचे आहे. त्याच्यासाठी गादी आणावी असा विषय मी पहिल्यांदा काढला, तेव्हा आईने जपाची माळ मध्येच थांबवली आणि ती म्हणाली, “अरे, कुत्र्याला कसली गादी? आमच्या वाड्यात दाराशी गोणपाटावर निजायची कुत्री. कुणाचं काही अडलं नाही.”

आईचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. पण तिच्या वाड्यातली जमीन मातीची होती, शेणाने सारवलेली. तिला थोडा मऊपणा होता आणि पायाला पकड होती. आजच्या आपल्या फ्लॅटमधली फरशी आरशासारखी गुळगुळीत आणि दगडासारखी कठीण. अशा फरशीवर वर्षानुवर्षे बसून-उठून कुत्र्याच्या कोपरांवरचे केस जातात आणि तिथे जाड, कोरडे घट्टे पडतात. कुत्रा वजनदार असेल तर कोपराशी पाण्याची गाठही धरते. मुधोळसारखी सडपातळ, अंगावर मांस आणि केस दोन्ही बेताचे असलेली जात असेल, तर हाडे थेट फरशीलाच टेकतात. तेव्हा कुत्र्याला गादी हे श्रीमंतीचे चोचले नव्हेत. घराची जमीन बदलली, म्हणून अंथरूणही बदलायला हवे, एवढाच त्याचा अर्थ.

आता एक नेहमीची तक्रार. ‘हौसेने गादी आणली, आणि हा पठ्ठ्या जाऊन न्हाणीघराच्या दाराशी निजतो!’ यात कुत्र्याचा कृतघ्नपणा नाही. त्याच्या शरीराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ताप चढल्यावर असते तेवढे. त्यातून घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. उरलेली उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवावी लागते. वैशाखात त्याला थंड फरशी हवीशी वाटली तर नवल काय? त्या दिवसांत गादी उचलून ठेवू नये आणि त्याच्यावर सक्तीही करू नये. रात्री गारवा आला की तो आपणहून परततो.

गादी निवडण्यापूर्वी आठ दिवस नुसते पाहावे. तुमचा कुत्रा जिलबीसारखे वेटोळे करून निजतो, की चारी पाय लांब करून कुशीवर पसरतो? वेटोळे करणाऱ्याला कडेला उंच लोड असलेली गोल गादी आवडते. त्याला डोके टेकायला उशी मिळते. पसरणाऱ्याला सपाट, चौकोनीच हवी. मग तो आडवा झालेला असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेपाने माप घ्यावे आणि त्यात वीतभर वाढवावी. शिंपी कपड्याला माया ठेवतो ना, तशीच ही.

आत काय भरावे? कापूस आपल्या ओळखीचा, पण तो बसतो आणि त्याचे गोळे होतात. दरवर्षी पिंजून घ्यावा लागतो. काथ्या टणक असतो, त्यावर जाड गोधडी घातली तर चालतो. फोम हलका, पण पातळ असेल तर निरुपयोगी. दुकानात एक साधी परीक्षा करावी. गादीवर मूठ दाबावी. खालची जमीन मुठीला लागली, तर ती कुत्र्याच्या कोपरालाही लागणार. मेमरी फोम नावाचा प्रकार सांध्यांना सुखाचा, मात्र तो उष्णता धरून ठेवतो, म्हणून त्यावर सुती अभ्राच बरा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुटकी बाज उत्तम. खालून वारा खेळतो आणि ओल धरत नाही.

लहान पिलाला मात्र महागाची गादी मुळीच घेऊ नये. दात येण्याच्या दिवसांत ते दिसेल ते फाडते, आणि फोमचे वा कापसाचे तुकडे पोटात गेले तर आतडे तुंबून जिवावर बेतू शकते. पक्के दात येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत, जुनी चादर पुष्कळ झाली.

आमच्या सौभाग्यवतींचा आग्रह एकच होता: “जे आणाल ते धुता आलं पाहिजे.” सगळ्या चर्चेत हा मुद्दा सर्वांत वजनदार ठरला. पिसवांची अंडी आणि अळ्या कुत्र्याच्या अंगावर कमी आणि अंथरुणात अधिक असतात. गोचिडीची मादी तर अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत, अंथरुणाच्या घड्यांत हजारोंनी अंडी घालते. या गोचिडींमुळेच कुत्र्यांना रक्ताचे घातक ताप येतात. म्हणून अभ्रा चेन लावलेला, काढता येणारा हवा. तो आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवावा आणि गादीला कडक ऊन दाखवावे. पावसाळ्यात काही वाळत नाही, तेव्हा अभ्रे दोन शिवून घ्यावेत. वास जावा म्हणून डांबराच्या गोळ्या मात्र गादीत कधीही ठेवू नयेत. कुत्र्याला त्या विषच आहेत.

जागेचे म्हणाल, तर येण्या-जाण्याची वाट नको, एसीचा थेट झोत नको, आणि एकांतवासही नको. सर्व मंडळी दिसतील असा कोपरा त्याला प्रिय. दिवाळीत मात्र एक वेगळी सोय करावी. आपला कान २०,००० हर्ट्झच्या वर बहिरा. कुत्र्याला ४०,००० च्या पुढचेही ऐकू येते, आणि आपल्याला न जाणवणारा बारीक आवाजही तो टिपतो. फटाक्यांच्या संध्याकाळी त्याची नेहमीची गादी आतल्या खोलीत न्यावी, खिडक्या लावून जाड पडदे ओढावेत. ओळखीच्या वासाचे अंथरूण हा त्या वेळी त्याचा मोठा आधार असतो.

गेल्या हिवाळ्यात मोतीला उठताना त्रास होऊ लागला. मागचे पाय फरशीवर घसरत. दोनदा प्रयत्न करून तो पुन्हा खाली बसे आणि ओशाळल्यासारखा आमच्याकडे पाही. डॉक्टरांनी सांधे झिजल्याचे सांगितले. टणक आणि जाड गादी द्या, काठ बुटका ठेवा, आणि गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंजी अंथरा, असा त्यांचा सल्ला होता. माणसाची वेदनाशामक गोळी त्याला चुकूनही देऊ नका, असेही त्यांनी बजावले. त्या रात्री आई भिंतीला धरून धरून बाहेर आली. तिच्या स्वतःच्या गुडघ्यांनी तिला कित्येक वर्षे मांडी घालू दिलेली नाही. हातात तिच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी होती. “त्याच्या गादीवर घाल ही,” ती म्हणाली. “थंडीत गुडघे कसे धरतात, ते मला विचारा.” गोणपाटाचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

मोती आता किती दिवाळ्या आमच्याबरोबर काढील, हा हिशेब मी करीत नाही. उठताना तो आता धडपडत नाही, एवढे मी रोज सकाळी पाहतो आणि कॉलेजला जातो. धाकट्या मुलीने मात्र घरात एक कायदा केला आहे: मोती गादीवर असेल तेव्हा त्याला कोणी उठवायचे नाही. लहान मुले असलेल्या प्रत्येक घराने तो कायदा करावा. झोपेत दचकलेला कुत्रा कितीही गरीब असला तरी चावू शकतो. शिवाय ज्या घराची तो रात्रभर राखण करतो, त्या घरात हक्काची चार हात जागा त्याला असायलाच हवी.

स्वर्गाच्या दारात धर्मराजाने कुत्र्याला सोडले नाही. आपल्यापुढची कसोटी त्या मानाने फारच सोपी आहे. दिवाळीच्या साफसफाईत गाद्या उन्हात पडतातच. त्याच दुपारी टेप घ्यावी, आणि तो निजलेला असेल तेव्हा, पाय न वाजवता, त्याचे माप घ्यावे.