ग्दान्स्क : बाल्टिक किनाऱ्यावरील ऐतिहासिक बंदरनगर आणि पुनर्बांधणीचा प्रश्न

प्रस्तावना

युरोपातील ऐतिहासिक नगरांना भेट देणारा प्रवासी सामान्यतः असे गृहीत धरतो की, समोर जुनी दिसणारी इमारत खरोखरच जुनी आहे. पोलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील ग्दान्स्क हे नगर या गृहीतकाला छेद देते. येथील प्रमुख रस्त्यावरून चालताना सोळाव्या-सतराव्या शतकातील श्रीमंत व्यापाऱ्यांच्या वसाहतीत आल्याचा भास होतो. उंच, निमुळती घरे, त्रिकोणी शिरोभाग, रंगीत भिंती आणि कोरीव दगडी दरवाजे यांची एक सलग रांग दिसते. प्रत्यक्षात यातील बहुतेक घरे १९४५ नंतर उभारली गेली आहेत. म्हणून या नगराची भेट अर्थपूर्ण व्हावयाची असेल, तर ‘काय पाहावे’ या प्रश्नाबरोबरच ‘जे दिसते ते केव्हा, कोणी आणि कशासाठी उभे केले’ हा प्रश्नही विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात ग्दान्स्कचा इतिहास, त्याची युद्धोत्तर पुनर्बांधणी आणि तेथील कामगार चळवळीच्या स्मृती यांचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ग्दान्स्क हे विस्तुला नदीच्या मुखाजवळ, तिला मिळणाऱ्या मोत्वावा नदीच्या काठी वसलेले आहे. या स्थानातच त्याच्या वैभवाचे कारण दडलेले आहे. पोलंडच्या अंतर्भागातील धान्य व लाकूड विस्तुलेच्या प्रवाहातून येथे येई आणि येथून समुद्रमार्गे पश्चिम युरोपात जाई. नगराचा पहिला लिखित उल्लेख इ. स. ९९७ मधील प्रसंगासंदर्भात, संत आदाल्बर्ट यांच्या चरित्रात आढळतो. १३०८ मध्ये ट्यूटॉनिक सरदारांच्या धर्मसंघाने ते ताब्यात घेतले. पुढे उत्तर युरोपातील व्यापारी नगरांच्या हान्सा संघात त्याला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले. १४५४ मध्ये नागरिकांनी धर्मसंघाविरुद्ध उठाव करून पोलंडच्या राजाचे सार्वभौमत्व स्वीकारले आणि त्या बदल्यात व्यापार व स्थानिक कारभार यांविषयी व्यापक अधिकार मिळवले. त्यानंतरची सुमारे दोन शतके हा नगराचा सुवर्णकाळ होय.

या काळात जर्मन, पोलिश, डच, स्कॉटिश व ज्यू समाजांचे लोक येथे वावरत होते. खगोलशास्त्रज्ञ योहानेस हेवेलियस (१६११–१६८७) याने येथेच आपली वेधशाळा उभारून चंद्राच्या पृष्ठभागाचे नकाशे तयार केले. तापमापकामुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले तो फॅरनहाइट १६८६ मध्ये, तर उपनिषदांच्या लॅटिन भाषांतराने भारावून गेलेला तत्त्वज्ञ शोपेनहाउअर १७८८ मध्ये याच नगरात जन्मला.

१७९३ मध्ये पोलंडच्या दुसऱ्या विभाजनात नगर प्रशियाकडे गेले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखाली ‘डान्झिग मुक्त नगर’ अस्तित्वात आले. रहिवासी बहुसंख्येने जर्मनभाषक होते, तर बंदराच्या वापराचे विशेष अधिकार पोलंडला होते. या तडजोडीने वाद मिटला नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी पहाटे जर्मन युद्धनौकेने बंदराच्या मुखाशी असलेल्या वेस्टरप्लाट येथील पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या. सुमारे दोनशे पोलिश सैनिकांनी सात दिवस प्रतिकार केला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या संघर्षांपैकी एक म्हणून या स्थळास महत्त्व आहे. तेथील बराकीचे भग्नावशेष आजही जतन केलेले आहेत.

विध्वंस आणि पुनर्बांधणी

मार्च १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने नगर जिंकले. बॉम्बफेक, तोफमारा आणि नंतरच्या आगी यांत मध्यवर्ती ऐतिहासिक भागाचा सुमारे नव्वद टक्के भाग नष्ट झाला. जर्मन रहिवासी पळून गेले अथवा त्यांना घालवून देण्यात आले. त्यांच्या जागी मध्य पोलंडमधून, तसेच सोव्हिएत संघात समाविष्ट झालेल्या पूर्वेकडील प्रांतांतून पोलिश लोक आले. स्वतःचे गाव गमावलेले लोक दुसऱ्यांच्या गमावलेल्या गावात राहावयास आले, असे या स्थित्यंतराचे स्वरूप होते. महाराष्ट्रातील वाचकांना यातील एक दुवा परिचित असेल. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांतील बहुसंख्य कुटुंबे याच पूर्वेकडील प्रांतांतून १९४०–४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली होती.

भग्नावशेषांचे काय करावे, याविषयी मतभेद होते. अखेर मध्यवर्ती भाग ऐतिहासिक स्वरूपात उभारण्याचा निर्णय झाला. मात्र ही पुनर्बांधणी हुबेहूब नव्हती. १९३९ चे नगर परत आणण्याऐवजी, प्रशियाच्या ताब्यात जाण्यापूर्वीचे, म्हणजे पोलंडच्या राजसत्तेखालील वैभवकाळाचे नगर उभे करण्यावर भर देण्यात आला. एकोणिसाव्या शतकातील अनेक बदल गाळण्यात आले, तर डच व फ्लेमिश प्रभावाची दर्शनी रूपे ठळक करण्यात आली. जी वास्तू पुन्हा उभारली गेली नाही, तीही तितकीच बोलकी आहे. येथील भव्य ज्यू प्रार्थनामंदिर नाझी राजवटीत १९३९ मध्ये पाडण्यात आले होते. ते पुन्हा बांधले गेले नाही.

दर्शनी भिंतींच्या मागे तर पूर्णपणे नव्या काळाची योजना आहे. पूर्वी या घरांच्या मागे दाटीवाटीने इमारती होत्या. त्या न बांधता तेथे मोकळी अंगणे आणि झाडे ठेवण्यात आली. आतील भागात सामान्य कुटुंबांसाठी सदनिका झाल्या. बाहेरून स्वतंत्र भासणाऱ्या दोन घरांना आतून एकच जिना असल्याचे काही ठिकाणी आढळते. द्वूगा या मुख्य रस्त्यावरून एखाद्या बोळातून मागील अंगणात गेल्यास वाळत घातलेले कपडे आणि साध्या गिलाव्याच्या भिंती दिसतात. नगराचा खरा वर्तमान तेथे भेटतो.

प्रमुख स्थळे : मूळ आणि नूतन

मोत्वावाच्या काठावरील लाकडी यारी ही ग्दान्स्कची ओळख मानली जाते. १४४२ ते १४४४ या काळात उभारलेल्या या वास्तूत मोठ्या लाकडी चाकांच्या आत माणसे चालत आणि त्या गतीने दोर गुंडाळला जाऊन माल वर उचलला जाई. सुमारे चार टन वजन अकरा मीटर उंचीपर्यंत नेण्याची तिची क्षमता होती. जहाजांवर डोलकाठ्या बसवण्यासाठीही तिचा उपयोग होई. १९४५ मध्ये तिचा लाकडी भाग जळाला. विटांचे बुरूज मात्र मोठ्या प्रमाणात टिकून राहिले. युद्धानंतर लाकडी भाग नव्याने बांधण्यात आला. एकाच वास्तूत पंधरावे आणि विसावे शतक येथे शेजारी शेजारी दिसते.

सेंट मेरी चर्चचे बांधकाम १३४३ मध्ये सुरू होऊन १५०२ मध्ये पूर्ण झाले. विटांनी बांधलेल्या जगातील सर्वांत मोठ्या चर्चवास्तूंमध्ये त्याची गणना होते. १९४५ च्या आगीत त्याचे लाकडी छत नष्ट झाले. सध्याचे छत काँक्रीटच्या आधारावर आहे. पंधराव्या शतकातील खगोलीय घड्याळाचे बरेच भाग अन्यत्र हलवल्याने वाचले व पुढे ते पुन्हा जोडण्यात आले. या चर्चमधील हान्स मेमलिंगच्या ‘अंतिम न्याय’ या चित्राची कथा विशेष उद्बोधक आहे. इटलीकडे जाणारे हे चित्र १४७३ मध्ये ग्दान्स्कच्या एका खासगी लढाऊ जहाजाने समुद्रात लुटून आणले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी ते हलवले, नंतर ते लेनिनग्राडला गेले आणि १९५६ मध्ये ग्दान्स्कला परतले. मूळ चित्र आता राष्ट्रीय संग्रहालयात असून चर्चमध्ये त्याची प्रतिकृती आहे. नगराचा ‘वारसा’ म्हणून मिरवणारी वस्तू मुळात लुटीतून आलेली असू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सेंट मेरी चर्चपासून नदीकडे उतरणाऱ्या मारियात्स्का रस्त्यावर घरांपुढील दगडी ओटे आणि अंबराच्या (तृणमणीच्या) दागिन्यांची दुकाने आहेत. लक्षावधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचा हा गोठलेला डिंक बाल्टिक किनाऱ्यावर शतकानुशतके गोळा केला जातो. ओट्यांचे काही कोरीव दगड ढिगाऱ्यातून वेचून परत बसवलेले आहेत. दगडाचा झिजलेला पृष्ठभाग आणि त्याला जोडलेला नवा तुकडा यांतील भेद बारकाईने पाहणाऱ्यास कळतो.

गोदीतील स्मृती

मध्यवर्ती भागापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर जहाजबांधणीची गोदी आहे. डिसेंबर १९७० मध्ये अन्नधान्याच्या दरवाढीविरुद्ध किनारपट्टीच्या नगरांत निदर्शने झाली. सैन्य व पोलिसांच्या गोळीबारात ४० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या मृतांचे जाहीर स्मरण करण्यास राजवटीची मनाई होती. १४ ऑगस्ट १९८० रोजी आन्ना वालेंतिनोविच या कामगार स्त्रीस कामावरून काढल्याचे निमित्त होऊन गोदीत संप सुरू झाला. लेक वालेसा यांच्या नेतृत्वाखालील समितीने २१ मागण्या मांडल्या. मृतांचे स्मारक उभारावे, हीही संपकऱ्यांची मागणी होती. ३१ ऑगस्ट रोजी करार झाला आणि ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उदयास आली. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू होऊन ती दडपली गेली. तथापि १९८९ च्या निवडणुकांनी पोलंडमधील साम्यवादी सत्तेचा शेवट घडवून आणला.

गोदीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रवेशद्वारापाशी डिसेंबर १९८० मध्ये अनावरण झालेले, सुमारे ४२ मीटर उंचीचे तीन क्रूसांचे स्मारक आहे. शेजारी २०१४ मध्ये खुले झालेले युरोपियन सॉलिडॅरिटी केंद्र असून, त्याच्या गंजलेल्या पोलादी भिंती जहाजाच्या सांगाड्याची आठवण करून देतात. हाताने लिहिलेल्या २१ मागण्यांचे मूळ लाकडी फलक येथे पाहावयास मिळतात. युनेस्कोने २००३ मध्ये त्यांचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला. राजवाड्याच्या थाटाची घरे बव्हंशी नव्याने बांधलेली आणि साध्या फळ्या मात्र अस्सल, असा हा विरोधाभास ग्दान्स्कच्या भेटीत प्रकर्षाने जाणवतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, ग्दान्स्कचे जुने रूप नव्याने घडवलेले असले, तरी त्याला केवळ देखावा म्हणता येत नाही. बेघर झालेल्या लोकांना घर आणि आपलेपणा देण्याचे कार्य त्याने केले, आणि त्या घरांत पिढ्या वाढल्याने त्या भिंतींना स्वतःचा इतिहास प्राप्त झाला आहे. दुसरी, कोणतीही पुनर्बांधणी ही निवड असते. काय उभारले याबरोबरच काय वगळले, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे. येथील जर्मन व ज्यू रहिवाशांची स्मृती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. याच नगरात जन्मलेल्या ग्युंटर ग्रास यांच्या १९५९ च्या ‘द टिन ड्रम’ या कादंबरीने ते हरवलेले डान्झिग जगापुढे ठेवले. तिसरी, वारशाचे मोल केवळ त्याच्या वयावर ठरत नाही. १९८० चे फलक वयाने तरुण आहेत, परंतु त्यांच्यासाठी माणसांनी आपली उपजीविका आणि प्राण पणाला लावले होते.

यास्तव ग्दान्स्कला जाणाऱ्याने नदीकाठ, मुख्य रस्ता व चर्च पाहून परत न फिरता, एकदा घरांमागील अंगणात आणि एकदा गोदीच्या प्रवेशद्वाराशी जरूर जावे. त्यानंतर मुख्य रस्त्यावर परत आल्यास त्याच रंगीत भिंती वेगळ्या अर्थाने दिसू लागतात.