आत कुणीतरी आहे

ओग्युस्त रोदँवर १८७७ मध्ये एक जिव्हारी लागणारा आरोप झाला. त्याचा ‘कांस्ययुग’ हा पुतळा इतका जिवंत दिसत होता, की मॉडेलच्या अंगावरूनच साचा काढला असणार, असं लोक बोलू लागले. मॉडेल झालेल्या बेल्जियन सैनिकाची छायाचित्रं पुढे करून त्याला आपली बाजू मांडावी लागली. जी तेव्हा लबाडी समजली गेली, तीच गोष्ट अमेरिकन शिल्पकार जॉर्ज सीगलने १९६१ मध्ये उघडपणे केली.

सीगलचा धंदा कोंबड्यांचा. न्यू जर्सीतली त्याची खुराडी पुढे स्टुडिओ झाली. तो प्रौढांना कला शिकवायचा. त्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा नवरा ‘जॉन्सन अँड जॉन्सन’मध्ये होता. हाड मोडल्यावर बांधतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या तिने आणून दिल्या. सीगल खुर्चीत बसला आणि पत्नी हेलनने त्याला त्या पट्ट्यांत गुंडाळलं. अंगावरून काढताना हाल झाले; पण ते तुकडे सांधून खऱ्या टेबलाशी बसवल्यावर ‘टेबलाशी बसलेला माणूस’ तयार झाला.

पुढे हीच रीत बसली. मॉडेलने जुने कपडे घालून यायचं, उघड्या त्वचेला आणि केसांना क्रीम चोपडायचं. ओली पट्टी अंगावर ठेवून बोटांनी दाबत न्यायची. सदऱ्याची चुणी, खांद्याचा उतार तिथेच ठरतो. प्लास्टर घट्ट होताना तापतं. त्या उबेत, त्या वजनाखाली ऐटीत बसलेला माणूसही हळूहळू आपल्या नेहमीच्या बसण्यावर येतो. चेहऱ्यावर पट्ट्या घेताना डोळे मिटावेच लागतात, म्हणून सीगलची माणसं डोळे मिटलेली. मग कवच भागाभागाने कापून काढायचं आणि ओल्या प्लास्टरने पुन्हा जोडायचं.

एरवी साच्यात माल ओततात आणि साचा टाकून देतात. सीगलने साचाच ठेवला. त्वचेची बारीक रेघ उमटते ती आतल्या बाजूला. आपल्याला दिसतो तो बाहेरचा, त्याच्या बोटांनी लिंपलेला खडबडीत पृष्ठभाग. सत्तरच्या दशकात तो साच्याच्या आत ओतकाम करू लागला आणि नाकडोळे रेखीव झाले. मला मात्र आधीचीच माणसं अधिक भिडतात. त्यांच्या आत अजून कुणीतरी आहे, असं वाटत राहतं.

उघड्यावर प्लास्टर टिकत नाही. सार्वजनिक कामं आली आणि सीगलला ब्राँझकडे वळावं लागलं. अशा ओतकामाची जुनी रीत मेणाची: प्लास्टरच्या आकृतीवरून साचा, त्या साच्यात मेणाचा पातळ थर, आतबाहेर आग सोसणारा मसाला, मग भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि रिकाम्या जागेत हजार अंशांहून अधिक तापलेला रस ओतायचा. धातू बोटाचा ठसाही सोडत नाही. पण ब्राँझला राजे-सेनापतींच्या पुतळ्यांची सवय. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘द होलोकॉस्ट’मध्ये (१९८४) काटेरी तारेशी एक माणूस उभा आहे आणि मागे प्रेतं पडली आहेत. तिथे सीगलने ब्राँझवर पांढरा रंग चढवला. पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातल्या या मुलाला त्या प्रेतांवर धातूची झळाळी नको होती, असं मी समजतो.

वॉशिंग्टनमधल्या रूझवेल्ट स्मारकात मंदीच्या काळातल्या पावाच्या रांगेत त्याचे पाच पुरुष उभे आहेत. त्यांना पांढरा रंग नाही, चौथराही नाही. बघायला आलेली माणसं सरळ त्यांच्या मागे जाऊन उभी राहतात.